बिनचालकाच्या छोट्या गाड्या आणि शनिवारची शाळा

म्हशाच्या यात्रेहून रात्री परतताना माझे आजोबा बैलगाडीत आडवे व्हायचे आणि पहाटे जागे व्हायचे ते थेट अंगणात. बैलांना वाट माहीत असायची. मुरबाडकडच्या कितीतरी घरांत ही आठवण सांगतात. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटत नसे. पुढे अभियांत्रिकी शिकले, संगणकाच्या कामात वीसेक वर्षे गेली, चालकाविना धावणाऱ्या मोटारींविषयी वाचू लागले, तेव्हा ध्यानात आले की बैलांना जे सहज येते ते यंत्राला शिकवायला माणसांची पन्नासहून अधिक वर्षे गेली आहेत. या शिकवण्यात विद्यार्थ्यांच्या मंडळांचा आणि त्यांनी भरवलेल्या छोट्या-मोठ्या शर्यतींचा वाटा मोठा आहे.

गेली तीन वर्षे बहुतेक शनिवारी मी आपल्या तालुक्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात अशाच एका मंडळाला मदत करायला जाते. मुले-मुली हातभर लांबीची गाडी बनवतात आणि ती कोणी न चालवता पट्ट्यांच्या मधून धावते. निदान धावावी अशी अपेक्षा असते. आपल्या १९९६ च्या दहावीच्या बॅचने या स्नेहमेळाव्यानिमित्त शाळेला रोबोटिक्सचा संच भेट द्यायचे जवळजवळ ठरवले आहे. ग्रुपवर त्यावर बरीच चर्चा झाली. माझे मत मी तिथे दोन ओळींत लिहिले होते, पण ते दोन ओळींत मावणारे नव्हते. म्हणून हा इतिहास जरा सविस्तर सांगते. तो वाचून मग आपण सगळे मिळून ठरवू.

उंदरापासून सुरुवात

ही गोष्ट गाडीपासून सुरू होत नाही, उंदरापासून होते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५० साली एक यांत्रिक उंदीर बनवला. त्याचे नाव थिसिअस. चक्रव्यूहात सोडला की तो धडका खात वाट शोधायचा आणि दुसऱ्या खेपेला न अडखळता थेट मुक्कामी पोचायचा. खरे तर उंदराच्या अंगात काहीच नव्हते. फळीखालचे चुंबक त्याला फिरवत होते आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असतात तसल्या रिलेंमध्ये वाटेची नोंद होत होती. पण एकदा चुकायचे, ते ध्यानात ठेवायचे आणि पुन्हा तिथे चुकायचे नाही, हे यंत्रालाही जमू शकते एवढे त्याने दाखवून दिले.

१९७७ साली अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या आयईईई या संस्थेच्या ‘स्पेक्ट्रम’ मासिकाने वाचकांपुढे एक आव्हान ठेवले. संगणकाची चिप तेव्हा नुकतीच साध्या माणसाच्या खिशाला परवडू लागली होती. ती पोटात घेऊन स्वतःच्या बळावर चक्रव्यूहातून वाट काढणारा उंदीर बनवा, असे ते आव्हान होते. १९७९ साली न्यूयॉर्कला अंतिम फेरी झाली. हजारोंनी नावे दिली होती, प्रत्यक्ष उंदीर घेऊन आले ते मोजकेच. गंमत म्हणजे वेगात सरस ठरलेला उंदीर काही हुशार नव्हता. एका बाजूची भिंत धरायची आणि सुसाट पळायचे, एवढेच त्याला येत होते. मग पुढच्या वर्षी युरोपातल्या स्पर्धेत मुक्कामाची जागा चक्रव्यूहाच्या मध्यभागी नेली, म्हणजे नुसती भिंत धरून पळणाऱ्याला ती सापडू नये. जपानमध्ये १९८० पासून ही स्पर्धा दर वर्षी भरू लागली.

या उंदरांच्या शर्यतीत पुढच्या सगळ्या शर्यतींचे बीज आहे. ती कुणा मोठ्या कंपनीने सुरू केली नाही, एका मासिकाने केली. भाग घेणाऱ्यांतल्या अनेकांनी उंदीर घरच्या टेबलावर बनवले. आणि एखाद्या पळवाटेने कोणी जिंकला, तर त्याला न रागावता पुढच्या वर्षी नियम सुधारला.

वाट चुकल्यावर परत येणे

त्याच १९७९ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात हान्स मोराव्हेक या विद्यार्थ्याची चार चाकांची, कॅमेरा बसवलेली गाडी खुर्च्या मांडलेल्या एका खोलीतून माणसाच्या मदतीविना पलीकडे गेली. त्याला सुमारे पाच तास लागले. गाडी साधारण एक मीटर सरकायची, थांबायची, पुढचे चित्र बघून दहा-पंधरा मिनिटे विचार करायची आणि मग पुढचे पाऊल टाकायची. आज हे ऐकून हसू येते. पण ‘बघून चालणे’ किती अवघड आहे याचा तो पहिला चोख हिशेब होता.

दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पॉमरलो या विद्यार्थ्याने वेगळी वाट धरली. रस्ता म्हणजे काय, कड म्हणजे काय, हे संगणकाला नियमांनी समजावण्याऐवजी त्याने माणसाला गाडी चालवायला बसवले आणि संगणकाला नुसते बघायला लावले. समोर रस्ता असा दिसतो तेव्हा माणूस चाक इतके वळवतो, अशा जोड्या बघत बघत न्यूरल नेटवर्क शिकत गेले. त्याला दिसणारे रस्त्याचे चित्र अवघे ३० बाय ३२ ठिपक्यांचे होते. आपल्या शाळेच्या गणिताच्या वहीच्या चौकटी रंगवून काढावे तेवढे! या प्रणालीचे नाव ॲल्विन.

त्यात एक मोठी अडचण आली, आणि या लेखाच्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. चांगला चालक गाडी रस्त्याच्या मध्यावर ठेवतो. त्यामुळे संगणकाला फक्त मध्यावरून दिसणारा रस्ता माहीत होतो. प्रत्यक्ष चालवताना गाडी जराशी बाजूला गेली की समोर दिसते ते त्याने कधी पाहिलेलेच नसते. मग तो आणखी चुकतो आणि शेवटी रस्ता सोडतो. पॉमरलोने यावर उपाय काढला. मूळ चित्रे संगणकातच डावी-उजवीकडे सरकवून त्याने ‘गाडी भरकटली आहे’ अशी चित्रे तयार केली आणि प्रत्येकासोबत परत मध्यावर येण्यासाठी चाक किती वळवायचे तेही शिकवले. थोडक्यात, बरोबर कसे चालायचे एवढे शिकवून भागत नाही. चुकल्यावर परत कसे यायचे तेही वेगळे शिकवावे लागते.

१९९५ साली पॉमरलो आणि टॉड जॉकम हे दोघे अशाच एका पुढच्या प्रणालीची गाडी घेऊन पिट्सबर्गहून अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सॅन दिएगोला गेले. सुमारे साडेचार हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात ९८.२ टक्के वेळ चाक संगणकाने सांभाळले. वेग आणि ब्रेक मात्र माणसांच्याच पायाखाली होते.

वाळवंटातली शर्यत

यानंतर शर्यत मोठी झाली. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संशोधन संस्थेने १३ मार्च २००४ रोजी मोहावी वाळवंटात सुमारे २२९ किलोमीटरची शर्यत ठेवली. गाडीत माणूस बसवायचा नाही, बाहेरून चालवायची नाही. दहा लाख डॉलरचे बक्षीस होते. १५ गाड्या निघाल्या. सगळ्यांत लांब गेली ती कार्नेगी मेलनची गाडी, आणि तीही जेमतेम १२ किलोमीटर. म्हणजे शहापूरहून नाशिकच्या दिशेने निघावे आणि खर्डी यायच्या आत अडकून बसावे, तसे. बक्षीस कोणालाच मिळाले नाही.

दीड वर्षाने, ऑक्टोबर २००५ मध्ये, शर्यत पुन्हा झाली. या वेळी सुमारे २१२ किलोमीटरची वाट होती. अंतिम फेरीतल्या २३ गाड्यांपैकी २२ गाड्या आदल्या खेपेच्या सर्वोत्तम अंतराच्या पुढे गेल्या आणि पाच गाड्यांनी वाट पूर्ण केली. स्टॅनफर्डची ‘स्टॅनली’ ६ तास ५३ मिनिटांत पोचून पहिली आली. २००७ साली शहरासारख्या रस्त्यांवर तिसरी शर्यत झाली. तिथे इतर गाड्या, चौक, वाहतुकीचे नियम हे सगळे सांभाळायचे होते. ती कार्नेगी मेलनने जिंकली. आज बिनचालकाच्या मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांतली पहिल्या फळीतली बरीच माणसे याच शर्यतींतून आलेली आहेत.

दीड वर्षात एवढा फरक कसा पडला? पहिल्या शर्यतीत सगळे हरले ते सगळ्यांसमोर हरले, हे त्याचे एक कारण. कोणाची गाडी कुठे अडकली, कोणाचा सेन्सर कशामुळे फसला, ते सगळ्यांनी पाहिले. दुसऱ्या खेपेला प्रत्येकाला स्वतःच्याच नव्हे, इतरांच्याही चुकांचा फायदा मिळाला.

पण या शर्यतीत उतरायला खरीखुरी मोटार लागायची, महागडे सेन्सर लागायचे, पैसे देणाऱ्या कंपन्या लागायच्या. आपल्यासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यासाठी ती टीव्हीवर बघायची गोष्ट होती.

गाडी लहान झाली

त्याच सुमाराला दुसरीकडे गाडी लहान होत चालली होती. दक्षिण कोरियात २००३ साली एका चिप बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी रेषेवरून धावणाऱ्या छोट्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. ती पुढे फ्रीस्केल कप आणि मग एनएक्सपी कप या नावाने अनेक देशांत पोचली. जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या तंत्र विद्यापीठाने २००८ मध्ये कॅरोलो कप सुरू केला. त्यात खऱ्या मोटारीच्या एक दशांश आकाराच्या गाडीने रस्ता धरून धावायचे, अडथळे चुकवायचे आणि दोन गाड्यांच्या मधल्या जागेत स्वतः लागायचे, हे सगळे करायचे असते.

२०१६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक राहुल मंघाराम यांच्या गटाने ‘एफ-वन-टेन्थ’ सुरू केले. नावातच सगळे आहे: फॉर्म्युला वनची शर्यत, पण एक दशांश मापाची. रिमोटवर चालणाऱ्या तयार गाडीवर छोटा संगणक आणि लेझरने अंतर मोजणारा सेन्सर बसवायचा. गाडी कशी जोडायची याची कृती आणि पूर्ण अभ्यासक्रम त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. सगळ्यांची गाडी जवळपास सारखीच, त्यामुळे कोणाचे इंजिन मोठे हा प्रश्नच उरला नाही. फरक पडतो तो संगणकाच्या आज्ञावलीत, म्हणजे विचारात. मात्र लेझर सेन्सरमुळे हीसुद्धा गाडी लाखांच्या घरात जाते.

त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ‘वायर्ड’ मासिकाचे माजी संपादक क्रिस अँडरसन यांच्या पुढाकाराने हौशी मंडळी जमू लागली. त्यांच्यातल्या विल रॉस्को आणि ॲडम कॉनवे यांनी आणखी स्वस्त गाडी बनवली. खेळण्यातली रिमोटची गाडी, रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि एकच कॅमेरा. नाव ठेवले ‘डाँकी कार’, म्हणजे चक्क गाढवगाडी! ती शिकते मात्र ॲल्विनसारखी. आधी माणूस रिमोटने चालवतो, गाडी बघते, मग तीच चालवते. १९८९ साली विद्यापीठाला जे करायला मोठी व्हॅन लागली होती, ते आता बाकावर मावू लागले.

आपल्याकडे काय घडले

आपल्याकडेही हा प्रवास झाला आहे. मुंबईच्या आयआयटीत १९९८ साली टेकफेस्ट सुरू झाला आणि तिथल्या यंत्रमानवांच्या स्पर्धांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत सोल्डरिंगचा धूर पसरवला. २००२ साली आशिया-पॅसिफिक देशांची रोबोकॉन स्पर्धा टोकियोत सुरू झाली. भारतात तिची सूत्रे दूरदर्शनकडे होती आणि पुढे बरीच वर्षे देशातली फेरी पुण्यात भरत असे. तेव्हाच्या स्पर्धांत स्वयंचलित यंत्रमानव जमिनीवरच्या पांढऱ्या रेषा धरून चालायचे. पांढरी पट्टी प्रकाश परत फेकते, गडद जमीन तो गिळते. खाली बसवलेले सेन्सर तेवढ्यावरून डावीकडे की उजवीकडे ते ठरवतात. २००८ साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन पुण्यातच झाली आणि विषय होता गोविंदा. दहीहंडीचा खेळ निरनिराळ्या देशांतले यंत्रमानव पुण्यात खेळले!

मी २००२ सालीच अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या महाविद्यालयातही रोबोट बनवणारा एक गट तयार झाला होता. मी दोन वेळा गेले. काम रात्री सुरू व्हायचे, कारण कार्यशाळा संध्याकाळी सातनंतर मोकळी मिळायची. वसतिगृहातल्या मुलांना ते सोयीचे होते. मला मात्र कसारा लोकल गाठून आसनगावला उतरायचे आणि तिथून शहापूरची रिक्षा मिळवायची असे. दुसऱ्या दिवशी रात्री दहाला घरी पोचले तेव्हा आई दारात उभी होती. ती रागावली नाही, पण तिसऱ्यांदा मी गेले नाही. मला कोणी काढले नव्हते की नको म्हटले नव्हते. वेळच अशी होती की आमच्यासारख्यांचे नाव आपोआप गळत होते. हे मला फार उशिरा कळले.

नंतर दारे हळूहळू उघडली. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कवी आर्य यांच्या ई-यंत्र प्रकल्पाने २०१२ पासून देशभरच्या महाविद्यालयांसाठी स्पर्धा सुरू केली. त्यात निवडलेल्या संघांना यंत्रमानवाचा संच थेट महाविद्यालयात पाठवला जाई. आधी शिकून मग स्पर्धेला येण्याऐवजी स्पर्धा करता करता शिकायचे, ही तिची पद्धत. २०१४ साली महिंद्रा समूहाने भारतीय रस्त्यांवर चालू शकेल अशा बिनचालकाच्या मोटारीसाठी राइज प्राइज जाहीर केले आणि त्यात आयआयटी मुंबईचे विद्यार्थीही उतरले. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब शाळाशाळांत सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असलेल्या या योजनेत शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

म्हणजे गाडी स्वस्त झाली, कृती खुली झाली, संच घरपोच येऊ लागला. मग उरले काय? उरली ती वेळ, आणि खोलीची किल्ली.

शनिवारचे मंडळ

आमच्या मंडळात नऊ जण आहेत. दोघे आसनगावचे, एक वासिंदचा, बाकीचे किन्हवली, डोळखांब आणि मुरबाडकडच्या गावांतले. सुरुवातीला मंडळ तास संपल्यावर, म्हणजे साडेचारला जमायचे. पाचच्या सुमाराला मुरबाडकडची एसटी. त्यामुळे चार-पाच जण दप्तर पाठीला लावूनच उभे राहायचे आणि अर्ध्यातून पळायचे. मी गेल्यावर पहिले काम कॅमेऱ्याचे किंवा प्रोग्रॅमचे केले नाही. मंडळ शनिवारी सकाळी अकराला भरवायचे आणि तीनला बंद करायचे, एवढे ठरवून घेतले. दोनच्या दोन मुली तेव्हापासून नियमित येऊ लागल्या.

पहिली गाडी आम्ही डाँकी कारच्या कृतीवरून बनवली. सगळे धरून खर्च बावीस हजारांच्या आसपास आला. हॉलच्या लाद्यांवर पांढरी टेप चिकटवून वळणावळणाचा रस्ता केला. आमच्यातल्या एका मुलाचा हात रिमोटवर फार छान बसलेला. त्याने वीस फेऱ्या अशा मारल्या की गाडी एकदाही पट्टीला लागली नाही. त्या फेऱ्यांवर गाडीला शिकवले आणि सोडली. पहिले वळण उत्तम. दुसऱ्या वळणावर ती बोटभर उजवीकडे सरकली आणि मग सरळ जाऊन बाकाच्या पायावर आपटली. पुन्हा सोडली, पुन्हा बाक. तीन शनिवार असेच गेले. मुले म्हणाली कॅमेरा खराब आहे. मीही आधी तेच म्हणत होते.

डोळखांबकडची मुलगी आतापर्यंत नोंदी ठेवण्याचे काम करत होती. ती म्हणाली, “मॅडम, मी चालवून बघू का? पण माझ्याकडून ती सरळ जात नाही.” तिच्या फेऱ्या खरोखरच नागमोडी होत्या. पट्टीला लागायची, मागे ओढायची, पुन्हा मध्यावर आणायची. आधी आम्ही असल्या फेऱ्या पुसून टाकत होतो. मला ॲल्विनची गोष्ट आठवली ती तेव्हा. खरे तर पहिल्याच दिवशी आठवायला हवी होती! मग आम्ही तिच्या फेऱ्या बारकाईने चाळल्या. गाडी पट्टीकडे भरकटत जाते तो भाग काढून टाकला, कारण तो ठेवला तर गाडी भरकटायलाच शिकेल. पट्टीकडून परत मध्यावर येते तो भाग ठेवला. त्या तुकड्यांची भर घालून शिकवल्यावर गाडी दुसऱ्या वळणावर डगमगली, पण सावरली. तिसऱ्या वळणावरही सावरली. हॉलमध्ये एवढा आरडाओरडा झाला की शिपाईकाका बघायला आले.

सगळे गोडच झाले असे नाही. बॅटरी भरलेली असताना गाडी जोरात पळायची आणि उतरू लागली की मंदावायची, त्यामुळे सकाळी शिकलेले दुपारी उपयोगी पडायचे नाही. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत गेलो, तर तिथल्या हॉलच्या मोठ्या खिडक्यांतून उन्हाचा पट्टा लादीवर पडला होता. गाडीने त्यालाच पांढरी टेप मानले आणि तिसऱ्या फेरीत ती त्याच्या मागे निघून गेली. अकरा संघांत आम्ही सातवे आलो. परतीच्या लोकलमध्ये मुले काही वेळ गप्प होती. टिटवाळा गेल्यावर त्यांनी वही काढली आणि काय काय फसले ते लिहायला घेतले. त्या वहीत आजपर्यंत चाळीसवर नोंदी झाल्या आहेत. नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आधी ती वही वाचायला देतो.

आता आपल्या शाळेविषयी

आपल्या वेळी शाळेत पहिला संगणक आला तो आठवतो ना? खोलीच्या बाहेर चपला काढायच्या, रांगेने आत जायचे, पडद्यावरचे झाकण काढताना बघायचे, एकेकाने एक कळ दाबायची आणि बाहेर. त्यात कोणाचा दोष नव्हता. एवढी महाग वस्तू मोडली तर काय, ही भीती खरी होती. पण त्या भीतीने संगणक शाबूत राहिला आणि आपण मात्र त्याला हात न लावताच दहावी झालो.

आपण जो मोठा संच घ्यायचे म्हणतो आहोत त्याचेही असेच होईल अशी मला धास्ती वाटते. बाहेर बॅचच्या नावाची पाटी, आत काचेचे कपाट, त्याला कुलूप. उंदराच्या शर्यतीपासून आजपर्यंतच्या या इतिहासात मला कुठेही असे दिसत नाही की नुसती यंत्रे आणून ठेवली आणि मुले शिकली. एकत्र जमणारे मंडळ, ठरलेला दिवस, पुढ्यात एक शर्यत, आणि चुकण्याची मोकळीक असेल तिथेच मुले शिकली आहेत.

म्हणून माझी सूचना अशी. जमलेल्या पैशातून मोठा संच न घेता दोन साध्या गाड्या घ्याव्यात. एक मोडली तर दुसरी चालू राहील. सुटे भाग, बॅटऱ्या आणि टेप यांसाठी काही रक्कम वेगळी ठेवावी. वस्तू मोडणारच आहेत, हे आधीच धरून चालावे. उरलेल्या पैशातून तीन वर्षांचे मानधन ठरवून महाविद्यालयाच्या मंडळातले दोन विद्यार्थी शाळेत शिकवायला बोलवावेत. डोळखांबच्या त्या मुलीने यायची तयारी दाखवली आहे. आपल्यापैकी शहापुरात राहणाऱ्या कोणीतरी खोलीच्या किल्लीची जबाबदारी घ्यावी. आणि वेळ शनिवारचीच ठेवावी. शनिवारी शाळा सकाळची असते, अकराला सुटते. साडेअकरा ते दोन मंडळ चालले तर किन्हवली, शेणवे, डोळखांबकडची मुले-मुली उजेडात घरी पोचतील. मंडळात निम्म्या मुली असाव्यात असे नुसते ठरवून काही होणार नाही. त्यांच्या एसटीची वेळ पाहून मंडळ भरवले तर त्या येतील.

पाटी लावायची असेल तर जरूर लावू. पण पाटीआधी वर्गाच्या लादीवर पांढरी टेप लावू. जून महिन्यात शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी साडेअकराला मी येणार आहे. तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या. येताना टेपची दोन रिळे आणि एक कोरी वही घेऊन या.